उत्तम पेंटरनं गोळी सोडली

उत्तम पेंटरचा विषय निघाला की मी चहा मागवतो, नाहीतर चष्मा पुसायला घेतो. बरीच वर्षं हे असंच चाललं आहे. तो गेला तेव्हा वाचनालयाच्या सचिवांनी मला शोकसभेत चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी दाढ दुखत असल्याचं सांगून मागच्या रांगेत बसलो. त्याचा सगळ्यात जवळचा मित्र म्हणून लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्या दिवशी दाढ दुखत नव्हती. पेंटरच्या दुखण्याला कोण कारणीभूत झालं याबद्दल पुसदमध्ये लोक जे धरून बसले आहेत ते खोटं आहे, आणि खरं काय ते मला एकट्यालाच माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

पण आधी माणूस कसा होता ते सांगितलं पाहिजे. तो मोठा मजेचा माणूस होता, आणि माझ्या करणीपायी त्याची आठवण रडकी व्हायला नको.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची पत्र्याची टपरी होती. वर पाटी, ‘उत्तम पेंटर’. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, “हे नाव आहे का जाहिरात?”

“दोन्ही जी. नाव मायबापानं ठेवलं, जाहिरात मी करून राह्यलो.”

आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या शर्टावरचे डाग पाहून गावात काय चाललंय ते कळायचं. पिवळे डाग असले की शाळेचं काम, हिरवे असले की कुणीतरी नवीन कृषी केंद्र काढलंय. त्याला माणसंही अक्षरांसारखी दिसत. वाचनालयाचे सचिव म्हणजे शिरोरेषा, ते नसले तर आम्ही सगळे सुटे लोंबकळणार. दाण्याच्या व्यापाऱ्याला तो ‘दीर्घ उकार’ म्हणायचा, कारण तो तराजू खालून हळूच ओढतो. मी पोस्टात खिडकीवरचा कारकून होतो, पोस्टमास्तर कधीच झालो नाही. पण पेंटरनं मला पहिल्याच दिवशी बढती दिली आणि मरेपर्यंत ती कायम ठेवली. एकदा मी विचारलं, मग मी कोणतं अक्षर?

“तुम्ही अक्षर नाही पोस्टमास्तर. तुम्ही पूर्णविराम. जिथं बसता तिथं बोलणं बंद.”

सगळे हसले. मीही हसलो.

पेंटरची एक अडचण होती. एकटा असला की शिडीवर चढून नुसत्या नजरेनं अशी रेघ मारायचा की पट्टी लावून पाहा. पण कुणी बघायला उभं राहिलं की त्याचा हात कापायला लागायचा. एका गावी पाणीपुरवठ्याच्या टाकीवर योजनेचं नाव लिहायचं होतं. उद्‌घाटन दुसऱ्या दिवसावर आलेलं, आणि साहेब खाली खुर्ची टाकून बसले. वर पेंटरचा हात असा कापला की नावाखालची रेघ नागमोडी झाली.

साहेब ओरडले, “हे काय रे?”

पेंटरनं खाली पाहिलं, ब्रश निळ्या डब्यात बुडवला आणि म्हणाला, “लाटा आहेत साहेब. पाण्याची योजना ना जी.”

साहेब इतके खूश झाले की पुढच्या तीन गावांच्या टाक्यांवर त्यांनी लाटा काढून घेतल्या. त्या वेळी म्हणे त्याला मुद्दाम हात कापवता येईना, तर त्यानं चार माणसं बोलावून खाली उभी केली.

रोज दुपारी चार ते सहा आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत कॅरम खेळायचो. तिथं दोघंच असायचो, आणि तो मला रोज हरवायचा. राणी तर अशी उचलायचा, जशी काही ती त्याच्याच खिशातली. पण वाचनालयाची वार्षिक स्पर्धा लागली, भोवती पन्नास माणसं जमली, की त्याचं बोट स्ट्रायकरवर टकटक वाजायचं. स्ट्रायकरच खिशात पडायचा. मी लागोपाठ पाच वर्षं कप नेला. माझं डोकं थंड असतं असं लोक म्हणत. मलाही ते पटलं होतं. रोज दुपारी हरायचं आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर जिंकायचं, यात मी सुखी होतो.

मग पेंटर फुलसावंगीला एका दुकानाची भिंत रंगवताना शिडीवरच चक्कर येऊन बसला. पडला नाही, शिडीला मिठी मारून राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे नव्वद निघाला.

“डॉक्टरसाहेब, परीक्षेत असे मार्क पडले असते तं मी आज कलेक्टर असतो,” पेंटर म्हणाला.

डॉक्टरांनी अटेनोलॉल लिहून दिली आणि म्हणाले, “याला बीटा ब्लॉकर म्हणतात.”

“बेटा ब्लॉकर? म्हणजे पोट्टं अडवते का जी?”

“पोट्टं नाही, हृदयाची घाई अडवते. नाडी सावकाश चालते, दाब उतरतो. काहींचं हात कापणंही थांबतं.” मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत सांगितलं, “एक गोष्ट दोघंही लक्षात ठेवा. ही गोळी एकदम बंद करायची नाही. बंद करायची झाली तर मी हळूहळू कमी करीन. अडवून धरलेलं हृदय एकदम मोकळं सोडलं तर उधळतं.”

पेंटर पाकिटावरचं नाव वाचण्यात गुंग होता. “नाव पाहा ना जी पोस्टमास्तर. एक वेलांटी नाही, एक उकार नाही. रंगवायले लय सोपं.” डॉक्टरांचं बोलणं त्यानं किती ऐकलं देव जाणे. मी पूर्ण ऐकलं होतं.

त्या गोळीनं पेंटरचं भलं केलं. दाब उतरला, आणि दोनेक आठवड्यांत भर बाजारात, दहा माणसांच्या देखत, त्यानं मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर शून्य काढलं. ते इतकं गोल होतं की त्याचं त्यालाच खरं वाटेना. ते पुसून त्यानं पुन्हा काढलं. गोळीनं त्याचे तळहात गार पडायला लागले. मे महिन्यात पुसदमध्ये थंड हात असलेला तो एकटाच माणूस. लोक टपरीवर येऊन म्हणत, “पेंटर, कपाळावर हात ठेव ना जरा,” आणि तो आशीर्वाद देतो तसा ठेवायचा. रात्री त्याला चित्रविचित्र स्वप्नं पडू लागली आणि सकाळी ती आम्हाला ऐकावी लागत. एकदा त्याच्या स्वप्नात सगळ्या गावाच्या पाट्या उलट्या झाल्या आणि लोक शीर्षासन करून दुकानं शोधत होते.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुम्ही सरळच उभे होते जी. तुमचं पोस्ट बंद होतं.”

कमलवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, “भाऊजी, सिनेमाले न्यायचा खर्च वाचला. ह्यायचा रोज फुकट चालू राह्यते.”

त्या वर्षीच्या स्पर्धेत त्यानं सगळ्यांना झोपवलं. उपांत्य फेरीत उमरखेडच्या एका एसटी कंडक्टरला हरवलं. तो कंडक्टर गुणांवरून बरीच हुज्जत घालून गेला. अंतिम सामन्यात मी होतो. पेंटरचा हात बोर्डावर असा पडून होता की जणू झोपलाय. दोन गेममध्ये मी संपलो. पन्नास माणसं टाळ्या वाजवत होती. पेंटरनं माझ्या पाठीवर गार हात ठेवला आणि म्हणाला, “पोस्टमास्तर, जिंकायची ही मजा इतके वर्षं काहून लपवून ठेवली होती जी?” त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरंच मजा आली होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

पुढचं वर्षभर मी घरातलं कप नसलेलं कपाट बघत होतो. मग कधीतरी वर्तमानपत्रात वाचलं की नेमबाजीच्या सामन्यांत या जातीच्या गोळ्या चालत नाहीत, कारण त्यांनी हात स्थिर राहतो. मी ती बातमी दोनदा वाचली. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि डाव्या हातानं लिहिलं, ‘गतवर्षीचा विजेता हात न कापण्याची गोळी खाऊन खेळतो. ही गोळी नेमबाजीत चालत नाही, मग कॅरमला कशी चालते? एक क्रीडाप्रेमी.’ आणि उमरखेडला लग्नाला गेलो होतो, तिथल्या पेटीत ते टाकलं. पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसाला शिक्का कुठला पडतो ते पाहावंच लागतं.

सचिवांनी ते कार्ड पेंटरला दाखवलं. त्यानं चष्मा वर करून अक्षर न्याहाळलं. “डाव्या हातानं लिह्यलं आहे. उकार पाहा, पाय घसरल्यासारखे पडले. बिचाऱ्याले किती तरास झाला असन!” आणि मग तो थेट माझ्याकडे आला.

“पोस्टमास्तर, मले उत्तर लिहून द्या ना जी. अक्षर माझं चांगलं, पण भाषा तुमची.”

मी लिहून दिलं. उजव्या हातानं, ज्या टेबलावर कार्ड लिहिलं त्याच टेबलावर. ‘सदर गोळी मी डॉक्टरांच्या सल्ल्यानं रक्तदाबासाठी घेत असून’ वगैरे. उत्तर चांगलं झालं होतं, हे कबूल करायला हवं.

वाचनालयाची सभा भरली. सचिवांनी नियमावली काढली. तिच्यात थुंकण्याबद्दल दोन नियम होते, गोळीबद्दल एकही नव्हता. एका सभासदानं विचारलं, “मंग चष्मा लावून खेळलं तं चालते का?” दुसरा म्हणाला, “मी शुगरची गोळी घेतो. मीबी बाद का?” तिसऱ्यानं चहाचा मुद्दा काढला, की चहा प्यायल्याशिवाय त्याला सोंगट्याच दिसत नाहीत. कार्ड केराच्या टोपलीत जाणार हे दिसत होतं, आणि मला त्यातही थोडं बरं वाटत होतं. तेवढ्यात पेंटर उठला.

“पोस्टमास्तरनं उत्तर लय झ्याक लिह्यलं. पण मी ते वाचत नाही. कोणाच्या मनात किडा नको. आजपासून फायनल होईपर्यंत मी गोळी सोडली.”

सभागृहात टाळ्या कडाडल्या.

आमच्याकडे माणसानं काही सोडलं की त्याचा मान वाढतो. दारू सोडली, तंबाखू सोडली, नवसापायी चप्पल सोडली. काय सोडलं हे कुणी फार विचारत नाही, सोडलं याचं कौतुक. त्याच सुरात पेंटर ‘गोळी सोडली’ म्हणाला, आणि त्याच सुरात लोकांनी ते ऐकलं. कुणीतरी भिंतीवरच्या फोटोचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून सचिवांच्या हातात दिलं. सचिवांनी ते वाचनालयाच्या कपाटात, स्पर्धेसाठी परत आलेल्या कपाच्या शेजारी ठेवून कुलूप लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘स्पर्धा समिती’.

त्या सगळ्या सभेत डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकलेला मी एकटा होतो. पेंटरच्याही कानावर ते पडलं असेल, पण तो तेव्हा पाकीट वाचत होता, हे मला आठवत होतं. मला नुसतं उभं राहून म्हणायचं होतं, ‘अरे, एकदम बंद करायची नसते.’ एवढं एकच वाक्य. मी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनी त्यालाही सांगितलंच होतं, हेही सांगितलं. हे दुसरं वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं वापरलं.

मधल्या दिवसांत पेंटर टपरीवर बसून नाडी मोजायचा आणि गमतीनं आकडे जाहीर करायचा. “आज पंच्याण्णव. उद्या शंभर पूर्ण करतो, मंग बॅट वर करतो.” कमलवहिनींनी विचारलं तर म्हणाला, “गोळीले सुट्टी दिली, दिवाळीची.” मी रोज चार वाजता जात होतो. हसत होतो.

अंतिम सामन्यात आम्ही दोघंच उरलो. त्याचा हात पूर्वीपेक्षाही जास्त कापत होता, नखं लाकडावर वाजत होती. मानेची शीर उडताना मला समोरून दिसत होती. पहिला गेम मी घेतला. आणि दुसरा त्यानं घेतला! कापत्या हातानं घेतला. दर वेळी तो डोळे मिटायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि मारायचा. लोक बाकांवर उभे राहिले. मी विचारलं, काय पुटपुटता? तो म्हणाला, “शिडीवर एकटाच आहे म्हणतो जी. खाली कोणी नाही.”

तिसऱ्या गेममध्ये राणी आणि एक सोंगटी उरली होती. त्यानं स्ट्रायकर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

“पोस्टमास्तर, जरा थांबा जी. छातीवर कोणी शिडी लावून चढून राह्यलं.”

लोक हसले. मी पंचांकडे वळून म्हणालो, “वेळ मोजा.”

हे वाक्य मी बोललो आहे. ते ऐकणारे दोघं-तिघं अजून हयात आहेत, त्यांना आठवत नसेल. मग पेंटरच्या कपाळावर घाम दिसला आणि तो खुर्चीवरून हळूच खाली सरकला.

ऑटोतून डॉक्टरांकडे, तिथून मोठ्या दवाखान्यात. झटका होता, पण वाचला. आमचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी बघायला आले तेव्हा संतापले होते. “गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद केली?”

“कोणाच्याच नाही जी,” पेंटर नाकातली नळी सांभाळत बोलला. “गावात मीच एकटा शहाणा.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही होता ना त्या दिवशी? मी दोघांनाही सांगितलं होतं.”

“विसरलो,” मी म्हणालो.

गावानं मग कार्डावरचा शिक्का पाहिला आणि दोष उमरखेडच्या कंडक्टरला दिला. हुज्जत त्यानंच घातली होती, शिक्का त्याच्याच गावचा. तो बिचारा पुढच्या वर्षापासून आमच्या स्पर्धेला आला नाही. एकदा त्याच्या गाडीत मला तिकीट काढावं लागलं. तो म्हणाला, “तुमच्या पेंटरची तब्येत कशी हाय? लोक मायं नाव घेतात म्हणे.” मी त्याला म्हणालो, लोकांचं काय. त्याचं नाव इथं लिहीत नाही, पण कार्ड त्यानं लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं.

पेंटरची शिडी बंद झाली. तो बसून नंबरप्लेटा आणि घरांच्या पाट्या करायचा, गोळी नेमानं घ्यायचा आणि सगळ्यांना सांगायचा, “घोडा पुन्हा टांग्याले जुंपला जी.” स्पर्धा मात्र तो खेळला नाही. त्या वर्षीचा कप नियमाप्रमाणे मला मिळाला. वाचनालयात विजेत्यांच्या नावांचा फळा आहे, तो दरवर्षी पेंटरच रंगवायचा. बरा झाल्यावर स्टुलावर बसून त्यानं माझं नाव काढलं.

“मोठं काढू का जी?”

“नको.”

“लाजता कायले? जिंकले ना तुम्ही.” आणि त्यानं ते पिवळ्या रंगात, बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठं काढलं. अजून आहे.

पुढं टपरीच्या जागेवर फ्लेक्सचं दुकान आलं. पेंटरला ऐकू कमी यायला लागलं आणि नांदेडच्या मुलीनं आईवडिलांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. ते निघाले त्या दिवशी सकाळी पुसदच्या स्टँडवर अर्धा बाजार आला होता. सचिव होते, दाण्याचा व्यापारी होता, फ्लेक्सवाल्यानं तर चक्क त्याच्या फोटोचा बोर्ड करून आणला होता. पेंटरनं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “शिरोरेषा वाकडी हाय, पण माणूस चांगला आला.”

पेंटर खिडकीशी बसला होता. मी रात्रभर वाक्यं ठरवून आलो होतो. खिडकीचा गज धरून, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालो, “पेंटर, ते कार्ड मीच लिह्यलं होतं. डॉक्टरांचं बोलणंही माझ्या ध्यानात होतं. मी विसरलो नव्हतो. मले माफ करा.”

त्यानं कानामागे तळहात धरला, माझ्या ओठांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

“घेतली जी, घेतली! सकाळीच चहासंगं घेतली. आता नाही सोडत.”

कमलवहिनी पलीकडून हसल्या. “भाऊजी, सकाळपासून दहा जणायनं हेच विचारलं ह्यायले.”

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. पुन्हा सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं, आणि माझ्या मागं सगळे उभे होते. पेंटर अजून कानाला हात लावून माझ्याकडे बघत होता, म्हणजे मला आणखी काही बोलायचंय हे त्याला कळलं होतं. मी टाचा उंच केल्या, दम भरून घेतला आणि स्टँडवरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, “बरं केलं जी!”